वृत्तीच्या आरोपाची उलटतपासणी

मराठी माणसाला धंदा जमत नाही आणि त्याचे कारण त्याच्याच वृत्तीत दडलेले आहे, हे विधान महाराष्ट्रात इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे केले जाते की त्याला पुरावा मागावा असेही आता कोणाला वाटत नाही. उद्योजक मेळाव्यांतील भाषणे, यशाचा मार्ग सांगणारी पुस्तके, परिसंवाद आणि घरातील वडीलधाऱ्यांचा उपदेश या सर्वांत त्याची मांडणी साधारण एकसारखी असते: मराठी माणूस जोखमीला भितो, ठरावीक पगारात समाधान मानतो, पैशाविषयी बोलायला लाजतो आणि शेजारचा वर चढू लागला की त्याचे पाय ओढतो, म्हणून त्याच्या वाटेतील धोंड बाहेर कोठेही नसून ती त्याने स्वतःच आणून ठेवलेली आहे, आणि मनातील न्यूनगंड झटकला की यश आपोआप चालत येईल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की हे निदान इतिहासाच्या कसोटीवर चुकीचे आहे, मानसशास्त्राच्या कसोटीवर अर्धवट आहे, आणि पिढ्यानपिढ्या उच्चारले गेल्यामुळे तेच आता नव्या उद्योजकापुढील एक खरा अडथळा होऊन बसले आहे.

स्वतःच उभा केलेला अडथळा म्हणजे ज्याचे कारण आणि ज्याचा उपाय हे दोन्ही मुख्यतः त्या व्यक्तीच्याच हाती असतात असा अडथळा, अशी व्याख्या येथे धरलेली आहे. एखाद्या समाजाच्या आर्थिक मागासलेपणाला अशा अडथळ्याचे स्वरूप द्यायचे असेल, तर ज्या वृत्तीला दोष दिला जातो ती त्या समाजात सर्व काळी आणि सर्व परिस्थितीत सारखीच आढळते, एवढे तरी दाखवावे लागेल. कारण परिस्थिती पालटताच जी वृत्ती पालटते तिला मूळ कारण म्हणता येत नाही. वृत्तीचा सिद्धान्त मांडणारे नेमकी हीच परीक्षा टाळतात.

अठराव्या शतकातील पुण्याकडे पाहिले तर हा सिद्धान्त पहिल्याच पायरीवर अडखळतो. ज्या ब्राह्मण कुटुंबांच्या वंशजांना पुढे कारकुनी मनोवृत्तीचे म्हणून हिणवले गेले, त्यांच्यातूनच त्या काळी मोठे सावकार निर्माण झाले होते. पेशव्यांना आणि सरदारांना मोहिमांसाठी लागणारा पैसा हे सावकार पुरवीत, महसुलाच्या तारणावर आगाऊ रकमा देत आणि दूरच्या प्रांतांतून हुंड्यांच्या, म्हणजे पैसा प्रत्यक्ष न नेता लेखी आदेशाने तो दुसऱ्या गावी मिळवून देणाऱ्या पत्रांच्या, आधारे रकमा फिरवीत. बापूजी नाईक बारामतीकर हे पहिल्या बाजीरावाचे सावकार. बाजीरावाच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये पेशवेपदावर हक्क सांगण्याइतके त्यांचे बळ होते. युद्धाच्या निकालावर ज्याची वसुली अवलंबून आहे असे कर्ज देणाऱ्या माणसांना जोखीम ठाऊक नव्हती, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि या सावकारांचा मुख्य ऋणको, म्हणजे मराठी राज्यसत्ताच, नाहीशी झाली. लष्करी खर्च गेला, महसुलाची आगाऊ उचल गेली, सरदारांच्या जहागिरी आटल्या. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत हीच घराणी इंग्रजी शाळांकडे, कचेऱ्यांकडे आणि वकिलीकडे वळली. या अवधीत त्यांचे रक्त बदलले नाही आणि संस्कारही फारसे बदलले नाहीत. बदलली ती भांडवल कोठे लावता येते आणि परतावा कोठून मिळतो याची व्यवस्था. नव्या राज्यात शिक्षणाला परतावा होता, म्हणून त्यांनी शिक्षणात गुंतवणूक केली. या निर्णयाला भित्रेपणा म्हणणे हा त्या पिढीच्या हिशेबी बुद्धीवर अन्याय आहे.

शेतकरी समाजाची कहाणी याहून कठोर आहे. रयतवारी पद्धतीत जमीन वैयक्तिक नावावर आली, तिच्यावर रोख सारा बसला आणि ती गहाण टाकून कर्ज काढणे सोपे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले तसा कर्जपुरवठाही सैल झाला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, त्यातच साऱ्याची फेरआकारणी वाढीव दराने झाली आणि सावकारांनी हात आखडले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी प्रामुख्याने कर्जाचे दस्तऐवज हिसकावून जाळले. त्यांचा रोष कशावर होता हे त्यांनी जाळलेल्या वस्तूवरून पुरेसे स्पष्ट होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने जमिनीच्या हस्तांतरणाला काही आळा बसला, परंतु शेतीतून शिल्लक निघावी, ती एकत्र व्हावी आणि तिचे उद्योगात रूपांतर व्हावे अशी यंत्रणा त्या कायद्याने निर्माण झाली नाही. महादेव गोविंद रानडे यांनी १८९० च्या सुमारास पुण्यात औद्योगिक परिषदेचा पाया घातला आणि पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवर सविस्तर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी या प्रश्नाची नस अचूक पकडली होती. त्यांच्या मांडणीचा भर लोकांच्या स्वभावावर नव्हता. स्वस्त, संघटित आणि दीर्घ मुदतीचे भांडवल उपलब्ध होण्यावर होता. एकशेतीस वर्षांपूर्वी इतके नेमके निदान हाती असताना महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेने स्वभावाचे निदान उचलून धरावे, ही खेदाची गोष्ट आहे.

मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांशी केली जाणारी तुलना तर याच मुद्द्यावर उलटते. त्या समाजांतील तरुण धाडसी असतो आणि मराठी तरुण नसतो, असे सांगितले जाते. परंतु त्या धाडसाचे अर्थशास्त्र कोणी उलगडून सांगत नाही. राजस्थानातून कोलकात्याला गेलेल्या मारवाडी मुलाची राहण्याजेवणाची सोय जातभाईंनी चालवलेल्या बाशात, म्हणजे सामायिक वसतिगृहात, होत असे. नात्यातील पेढीवर तो वहीखाते शिकत असे. पुढे त्याच पेढीच्या शब्दावर त्याला उधार माल मिळत असे, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी पुन्हा कोणीतरी उभे राहत असे. त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जोखमीचा जो भाग येई तो मुळातच लहान होता, कारण उरलेला भाग त्याची जात, त्याचे कुटुंब आणि त्याची पेढी वाहत असे. उलट ज्या घरात एकच पगार येतो, राहते घर हेच एकमेव तारण आहे आणि धंदा बुडाला तर बहिणीचे लग्न आणि भावाचे शिक्षण दोन्ही थांबणार आहेत, त्या घरातील तरुणाने तेच धाडस करावयाचे म्हणजे संपूर्ण जोखीम एकट्याने पत्करावयाची. दोघांच्या निर्णयांतील फरक मनाच्या कणखरपणाचा आहे असे म्हणण्यापूर्वी दोघांच्या डोक्यावरील ओझे सारखे होते काय, हे तपासणे किमान प्रामाणिकपणाचे ठरेल.

हे केवळ अनुमान नाही, कारण दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानी प्रदेशात याचा प्रत्यक्ष पडताळा मिळतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत असताना बढतीत डावलले गेले आणि नोकरी सोडून बेळगावात आले. सायकलींच्या दुकानातून त्यांनी लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे पहिले नांगर खपायला बराच काळ जावा लागला, तरीही ते मागे हटले नाहीत. परंतु बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडण्याची वेळ आली तेव्हा एकट्या जिद्दीच्या बळावर कारखाना टिकला नसता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि आर्थिक साहाय्य दिले, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस तोच, चिकाटी तीच, नांगरही तोच; ब्रिटिश हद्दीतील गावात तो जागेवाचून निराधार झाला आणि औंधच्या संस्थानात उद्योगपती झाला. कराडजवळ १९१६ मध्ये सुरू झालेला आणि प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचलेला ओगले बंधूंचा काच कारखाना हाही औंध संस्थानाच्याच प्रदेशातला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला त्यामागे तेथील जहागीरदारांचे प्रोत्साहन होते आणि त्या एका मागापासून एका मोठ्या वस्त्रनगरीची सुरुवात झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला. एवढ्या लहान पट्ट्यात, एवढ्या थोड्या वर्षांत, एवढे उद्योग मराठी माणसांच्या हातून उभे राहिले याचे स्पष्टीकरण स्वभावाच्या सिद्धान्ताला देता येत नाही. जमीन, भांडवल आणि राजाश्रय एकत्र आले की काय घडते, या साध्या गोष्टीने ते सहज देता येते.

या सिद्धान्तात आणखी एक दोष आहे आणि तो अधिक गंभीर आहे. मराठी माणूस धंदा करीत नाही असे म्हणताना मराठी माणूस म्हणून कोण डोळ्यांपुढे असतो? पहाटे बंदरावर लिलावात बोली लावून दिवसभरात माल खपवणारी, भावाची घासाघीस करणारी आणि नाशवंत मालाचा सगळा धोका स्वतः सोसणारी कोळीण डोळ्यांपुढे नसते. पुण्याच्या तांबट आळीतील भांडी घडवणारे, येवल्याचे पैठणी विणकर, गावोगावचे कासार, सोनार, शिंपी, तेली आणि वाणी यांच्याही पिढ्यांची विक्रीकला हिशेबात घेतली जात नाही. शिक्षण आणि सत्ता यांच्या जवळ असलेल्या दोन-तीन जातींचा अनुभव संपूर्ण मराठी समाजाचा स्वभाव म्हणून सांगितला गेला आणि बाकीचे उद्यमी लोक या व्याख्येतून गाळले गेले. जोतीराव फुले यांना समाजसुधारक म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु ते पुण्यात बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते आणि शाळांच्या व सत्यशोधक समाजाच्या कार्याला त्या उत्पन्नाचा आधार होता, ही गोष्ट उद्योजकतेच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

समाजाने स्वतःच्या वाटेत खरोखर काही उभे केले असेल तर ते येथे आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल घातले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. त्यांच्यात ना उद्यमशीलतेची उणीव होती ना आत्मविश्वासाची. दुकान मांडण्याचे धैर्य त्यांनी आधीच दाखवलेले होते. अडथळा रस्त्यावरून पुढे निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात होता. शाहू महाराजांनी तेथे स्वतः जाऊन चहा घेतला आणि सोबतच्या लोकांनाही घ्यायला लावला. त्यांनी गंगाराम कांबळे यांना आत्मविश्वासाचा उपदेश केला नाही, त्यांच्या दुकानापुढील बहिष्कार मोडला. जातीच्या भिंतींनी बाजारपेठ लहान ठेवली, भागीदारी नात्यापुरती ठेवली आणि कसबी हातांना भांडवलापासून दूर ठेवले. ही धोंड मराठी समाजाने स्वतः ठेवलेली आहे, आणि वृत्तीवर तासन्‌तास बोलणारे वक्ते तिच्याविषयी मौन पाळतात.

टोपलीतून वर चढणाऱ्या खेकड्याचे पाय ओढणाऱ्या खेकड्यांची गोष्ट तर या चर्चेचा कळस समजली जाते. परंतु हीच गोष्ट फिलिपिन्समध्ये फिलिपिनो लोक स्वतःविषयी सांगतात आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातही ती स्वतःविषयीच सांगितली जाते. जे स्पष्टीकरण मागे पडलेला प्रत्येक समाज स्वतःला लावून घेतो, त्यातून मराठी समाजाविषयी विशेष असे काहीच कळत नाही. संधी थोड्या आणि इच्छुक फार असले की माणसे एकमेकांकडे संशयाने पाहतात, एवढेच फार तर कळते. याउलट सहकार्याचा पुरावा याच मातीत भरभक्कम आहे. लोणी परिसरातील लहान शेतकऱ्यांचे भाग गोळा करीत विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपदाची धुरा घेतली आणि १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दंग्याच्या काळात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कर्जखते जाळली, त्याच प्रकारच्या शेतकऱ्यांनी येथे एकमेकांच्या भरवशावर भांडवल उभे केले. पुढे अनेक सहकारी कारखाने राजकारणाने पोखरले आणि कर्जात बुडाले हे खरेच आहे व त्याची चिकित्सा व्हायलाच हवी, पण त्या अपयशाची कारणे लेखापरीक्षणात, राजकीय हस्तक्षेपात आणि थकहमीच्या धोरणात शोधावी लागतात. कलाक्षेत्रातही १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. तिचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ती भागीदारी पुढे फुटली म्हणून मराठी माणसे एकत्र राहू शकत नाहीत असे म्हणायचे, तर जगातील बहुतेक भागीदाऱ्यांना तोच न्याय लावावा लागेल.

प्रतिपक्षाच्या हाती एक पुरावा मात्र खराखुरा आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशात सुमारे दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एका गटाला हिशेब, विपणन आणि वित्त यांचे रूढ प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचे, म्हणजे गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता नवी संधी शोधण्याचे आणि अडचण आली तरी दुसरा मार्ग काढण्याचे, मानसशास्त्रावर आधारलेले प्रशिक्षण दिले, आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढाकाराच्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला; रूढ प्रशिक्षणाच्या गटात तशी ठाम वाढ दिसली नाही. मनोवृत्तीला महत्त्व आहे, हे यावरून मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या वर्गांत काय शिकवले गेले याकडे लक्ष दिले तर वृत्तीच्या वक्त्यांना यातून दिलासा मिळत नाही. तेथे ठोस कृती शिकवल्या गेल्या आणि त्या स्वतःच्या धंद्यात करून पाहायला लावल्या. टोगोचे लोक जन्मतः आळशी असतात असे सांगून कोणाचा नफा वाढवला गेला नाही.

किंबहुना असे सांगितल्याने काय होते याचाही पुरावा उपलब्ध आहे आणि तो भारतातलाच आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला देण्यात आले. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचली गेली तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या मुलांची कामगिरी घसरली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या या प्रयोगात मुलांची बुद्धी क्षणात बदलली नव्हती. बदलली होती ती त्यांच्याविषयीच्या अपेक्षेची जाणीव. वीस वर्षांच्या मुलाला मराठी माणसाला धंदा जमत नाही हे वारंवार ऐकवणे हा त्याच प्रयोगाचा विस्तार आहे, फरक एवढाच की येथे तो शुभेच्छुकांकडून केला जातो.

या निदानाचा दुसरा अपाय अधिक सूक्ष्म आहे. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स यांनी स्व-अडथळा या संकल्पनेची मांडणी केली. अपयश आल्यास आपल्या क्षमतेवर ठपका येऊ नये म्हणून माणूस आधीच एखादी सबब तयार ठेवतो किंवा स्वतःच्या प्रयत्नात स्वतःच उणीव ठेवतो, असा तिचा आशय आहे. जमातीच्या स्वभावावर ठेवलेला ठपका ही अशी तयार सबब आहे. धंदा बसला की वही उघडून कोणत्या मालात तोटा झाला, कोणाकडे किती थकले, भाव परवडणारा होता का, हे पाहण्याऐवजी मराठी माणसाचे हे असेच, या वाक्यावर थांबता येते. ज्याला प्रेरणा समजून वाटले जाते ते येथे चौकशी बंद करण्याचे साधन होते.

व्यक्तीच्या हातातील अडथळे आहेतच, आणि ते वृत्तीच्या भाषेत सांगितल्यामुळे अस्पष्ट झाले आहेत. घरखर्च आणि दुकानाचा पैसा एकाच खिशात ठेवणे, मित्राशी भागीदारी करताना लेखी करार करायला संकोचणे, ओळखीच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या मजुरीचा भाव न लावणे, दिलेल्या मालाचे पैसे मागण्यास उशीर करणे, या सवयी खऱ्या आहेत आणि बदलता येण्याजोग्या आहेत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरात मोठ्या कारखान्यांनी सुट्या भागांची कामे बाहेर द्यायला सुरुवात केली आणि पगारावर काम करणारे कित्येक टर्नर-फिटर लेथ घेऊन स्वतःचे वर्कशॉप चालवू लागले. नोकरीत रमणारा म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्यानेच काम मिळण्याची खात्री दिसताच ही उडी घेतली. अशा वर्कशॉपला आज सर्वाधिक त्रास होतो तो मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेल्या पैशाचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे, विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय आहे आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने अनेक पुरवठादार हा हक्क बजावीत नाहीत. ती भीती निराधार नाही. पण ती एकट्याने ओलांडता येत नसली तरी संघटितपणे ओलांडता येते, आणि मेळाव्यांचे खरे काम तेथून सुरू होते.

म्हणून उद्योजकांचे मेळावे भरवणाऱ्या संस्थांनी यापुढे व्यासपीठावरून स्वभावाची निर्भर्त्सना थांबवावी आणि तो वेळ वेगळ्या कामाला द्यावा: कोणत्या बँकेने कोणत्या कारणावरून कर्ज नाकारले याची नोंद करावी, सभासदांच्या थकलेल्या देयकांचे दावे एकत्रितपणे सुविधा परिषदेपुढे न्यावेत, अनुभवी व्यावसायिकाच्या पेढीवर नवख्याला वर्षभर उमेदवारी मिळवून द्यावी, आणि ती देताना त्याचे आडनाव विचारू नये.